बाटली आडवी झाली, ठाणे जिथल्या तिथे

आडव्या बाटलीचे मतदान ज्या गावाने पाहिले, ते गाव तो दिवस विसरत नाही. रोजाने जाणाऱ्या बाया त्या दिवशी मजुरी बुडवतात. म्हाताऱ्यांना बंडीत बसवून शाळेवर आणले जाते. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कुठे शिक्का मारायचा हे सांगावे लागत नाही. संध्याकाळी मोजणी होते आणि आकडा पुरला तर रात्री गावात ढोल वाजतो.

आकडा पुरणे सोपे नसते. २००८ च्या मार्चमध्ये शासनाने यासंबंधी आदेश काढला. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की राज्य उत्पादन शुल्क खाते सह्या तपासते, मग गुप्त मतदान होते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडव्या बाटलीकडे गेल्या तर परवान्याचे दुकान बंद होते. एकूण म्हणजे यादीतल्या एकूण, त्या दिवशी आलेल्यांपैकी नव्हे. वीटभट्टीवर गेलेली, सासरी गेली तरी यादीतून नाव न निघालेली, इतकेच काय, मयत झालेली बाईसुद्धा हिशोबात उभ्या बाटलीच्या बाजूने धरली जाते. हाच नियम आमदारकीला लावला तर विधानसभेत किती जण पोचतील, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

तरीही गावे जिंकली आहेत. प्रश्न जिंकल्यानंतरचा आहे.

परवान्याचे दुकान बंद होते. महिना-दोन महिने बरे जातात. मग नाल्याच्या काठी मोहाचा सडवा लागतो. शेजारच्या तालुक्यातून मोटारसायकलच्या डिकीत पव्वे येतात. जे आधी दुकानात मिळत होते ते आता पानटपरीच्या मागे मिळू लागते, आणि तेही दोन पैसे जास्त देऊन. बाया पुन्हा जमतात. पण आता जायचे कुठे? परवाना बंद करण्यासाठी मतदान होते. बिनपरवान्याच्या दारूवर मतदान नसते, ती बंद करणे हे ठाण्याचे काम. म्हणून ठाण्यावर जायचे. तिथे ठरलेले प्रश्न येतात. विकणाऱ्याचे नाव सांगा, तुम्ही स्वतः पाहिले का, पंच म्हणून सही कोण करणार, साक्षीला कोर्टात कोण येणार. बाया नावे देतात. धाड पडते तेव्हा नाल्याच्या काठी फक्त विझलेली चूल सापडते. कोणत्या बाईने नाव दिले हे मात्र दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला ठाऊक असते.

या सगळ्यात गावाने आपले काम चोख केलेले आहे. सह्या केल्या, मतदान केले, कायद्यात होते तितके सगळे केले. कायदा जिथे गावाला विचारतो, तिथे गावाने उत्तर दिले. पण ठाण्याला गावाने काही विचारावे आणि ठाण्याने उत्तर द्यावे, अशी सोय कायद्यात शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. आजच्या लेखाचा विषय तोच आहे. दारू हे केवळ उदाहरण.

चंद्रपूरचा धडा

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात हे उदाहरण जिल्ह्याएवढे मोठे होऊन समोर आले. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर हजारो बाया पायी गेल्या. जिल्ह्यातल्या ५८८ ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले. शासनाने समिती नेमली, समितीने अहवाल दिला, अहवाल पडून राहिला. सरकार बदलले. २०१५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्हा कोरडा झाला. वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून आणि आता चंद्रपूर. नकाशावर सलग तीन जिल्हे दारूबंदीचे झाले.

बंदी सहा वर्षे टिकली. २०२१ च्या जानेवारीत, तोवर आलेल्या दुसऱ्या सरकारने, रमानाथ झा या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल मार्चमध्ये आला आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. कारणे काय दिली? अवैध दारू वाढली, गुन्हेगारी वाढली, बाया आणि पोरे या धंद्यात ओढली गेली, शासनाचा महसूल बुडाला.

दारूबंदी असावी की नसावी, यावर या पानावर पूर्वीही वाद झाले आहेत, पुढेही होतील. प्रामाणिकपणे बंदीच्या विरोधात असणारे लोक आहेत, त्यांचे मुद्दे फेकून देण्यासारखे नाहीत. पण त्या कारणांकडे पुन्हा एकदा पाहा. महसुलाचे सोडले तर उरलेली सगळी कारणे म्हणजे ठाण्याच्या कामाचा ताळेबंद आहे. अवैध दारू वाढली, म्हणजे ती अडवणाऱ्यांकडून अडली नाही. नापास झाले अंमलबजावणीचे खाते आणि रद्द झाला गावांचा ठराव. शेतात वांझोटे बी निघाले म्हणून पेरणाऱ्याला दंड करावा, तसा हा प्रकार.

त्या सहा वर्षांत ठाणेनिहाय हिशोब, किती तक्रारी आल्या, किती धाडी पडल्या, किती गुन्ह्यांत शिक्षा लागली, एकच माणूस कितीदा सापडला, हा त्या त्या गावाच्या ग्रामसभेपुढे कोणी ठेवला असता तर काय झाले असते? कदाचित गावांनीच म्हटले असते की हे जमत नाही, बंदी उठवा. कदाचित म्हटले असते की बंदी राहू द्या, ठाणेदार बदला. दोन्ही उत्तरे लोकशाहीतली आहेत. बंदी उठवण्याआधी लोकांची निवेदने मागवली गेली, हे खरे. पण निवेदन वेगळे आणि ग्रामसभेचा ठराव वेगळा. निवेदन देणाऱ्याला उत्तर द्यावे लागत नाही.

साधने नव्हती म्हणावे, तर तसेही नाही. दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात तडीपारी आहे, दोन वर्षांपर्यंत माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येते. १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्याच्या तर नावातच झोपडपट्टीदादांबरोबर हातभट्टीवाले आहेत, त्यात वर्षभर आत ठेवता येते. कायद्याची कोठी भरलेली आहे. किल्ली कोणाकडे आहे आणि ती कधी फिरवायची हे कोण ठरवतो, एवढेच गावाला कळत नाही.

ठाणेदार कोणाचे ऐकतो?

कागदावर उत्तर सोपे आहे. ठाणेदाराच्या वर उपविभागीय पोलीस अधिकारी, त्यांच्या वर पोलीस अधीक्षक, मग परिक्षेत्र, मग महासंचालक, सर्वांत वर गृहखाते. या शिडीत कुठेही जिल्हा परिषद नाही, पंचायत समिती नाही, ग्रामसभा तर नाहीच. लोकांचे प्रतिनिधी म्हणून एकटे गृहमंत्री काय ते आहेत. गावातला माणूस आणि गृहमंत्री यांच्यामध्ये लोकांनी निवडलेला दुसरा कोणीच नाही, निदान कागदावर.

कागदाबाहेर आहे. ठाणेदाराची बदली कुठे होते, कोण करवतो, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असते. सरकारे बदलली तरी ही रीत बदलली नाही. बदलीचा धाक ज्याच्या हातात, ठाणे त्याचे. मतदान करून बाटली आडवी करणाऱ्या अडीचशे बायांच्या हातात तो नाही.

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसले नव्हते असे नाही. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ साली याचिका केली. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, निकाल लागला. न्यायालयाने राज्यांना आदेश दिले. पोलिसांवर सरकारचा गैरवाजवी दाब येऊ नये म्हणून राज्य सुरक्षा आयोग करा, ठाणेदारापासून वरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत द्या, बदल्यांसाठी पोलिसांचेच मंडळ असू द्या, आणि लोकांच्या तक्रारींसाठी राज्याला आणि प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण नेमा.

महाराष्ट्राने कायदा करायला २०१४ साल उजाडले. कायद्यात बहुतेक गोष्टी आहेत. ठाण्यात दोन वर्षे, हे आहे. पण लोकहितासाठी किंवा प्रशासकीय निकडीसाठी मुदतीआधी हलवण्याची वाटही आहे, आणि लोकहित कशात आहे हे लोकांना विचारून ठरत नाही. सुरक्षा आयोग आहे, त्याचे अध्यक्ष गृहमंत्री. विधानसभेतल्या विरोधी पक्षनेत्यालाही त्यात जागा आहे. २०२४ च्या निवडणुकीनंतर मात्र विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदच बराच काळ रिकामे राहिले. खुर्ची आहे, बसायला माणूस नाही.

तक्रार प्राधिकरणही आहे. त्याचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, लाच, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे, इतक्या बाबतींत पोलिसांविरुद्ध तिथे जाता येते. ही मोठी गोष्ट आहे आणि आपल्याकडे शंभरातल्या पाच माणसांनाही ती माहीत नसेल. पण न्यायालयाने जिल्हा म्हटले होते, आपल्या कायद्याने त्याचा विभाग केला. सिरोंच्याच्या माणसाने तक्रारीसाठी नागपूर गाठायचे, म्हणजे एक दिवस जायला, एक दिवस यायला, आणि दोन दिवसांची मजुरी गेली ती वेगळी. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो त्याच गावात बीटवर फिरणार, हेही ध्यानात असू द्या.

मदतीला बोलावणे, हिशोबाला नाही

गावाला पोलिसांच्या कामात घेतलेच नाही असे म्हटले तर अन्याय होईल. घेतले आहे, कित्येकदा घेतले आहे. पोलीस पाटलाचेच पाहा. वतनदारी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. गावात काय चालले आहे ते वर कळवायचे, गुन्हा झाला की वर्दी द्यायची, परका माणूस आला की नजर ठेवायची. राज्यात अशी ३८ हजार ७२५ पदे आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झाले, ते व्हायलाच हवे होते, कारण मयताचा पंचनामा असो की मोर्चाचा बंदोबस्त, रात्री-बेरात्री पहिला फोन त्यालाच जातो. पण त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात. गावाची खबर वर नेणारा माणूस आहे. वरची खबर गावाला देणारा कोणी नाही.

तंटामुक्तीचेही असेच. १५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आबांचा हेतू चांगला होता आणि सुरुवातीच्या वर्षांत कामही झाले. बांधाचे, वाटणीचे, गुराढोरांचे वर्षानुवर्षांचे दावे गावात मिटले, कोर्टाच्या फेऱ्या वाचल्या. ग्रामसभेतून समिती निवडली जाते, हे तर फारच चांगले. पुढे गावाच्या लोकसंख्येप्रमाणे लाखांची बक्षिसे आली आणि फलक लावण्याची घाई झाली. मिटवता येण्याजोगे तंटे मिटवायचे होते, पण काही ठिकाणी बाईची मारहाणीची तक्रार आणि दलित वस्तीवरची दांडगाई हीसुद्धा 'मिटवून घ्या'च्या यादीत गेली. तक्रार ठाण्यात नोंदलीच नाही तर तंटा कुठला? ठाण्याचेही काम हलके झाले. ज्याने तक्रार केली त्याचे काय झाले, हे बक्षिसाच्या अर्जात विचारलेले नव्हते.

दारूसाठी ग्रामरक्षक दले आली. सणासुदीला शांतता समित्या बसतात, ठाणेदारांच्या खोलीत चहा होतो, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. (आम्हीही छापतो, हे कबूल केले पाहिजे.) या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. गावाने पोलिसांना मदत करायची आहे. पोलिसांनी गावाला हिशोब द्यायचा, असे यांपैकी कशातही नाही.

ग्रामपंचायत कायद्यात २००३ साली मोठ्या दुरुस्त्या झाल्या. गावपातळीवरच्या शासकीय कर्मचाऱ्यांनी ग्रामसभेला हजर राहावे, ही अपेक्षा त्यात आली. म्हणून आज ग्रामसेवक, तलाठी, गुरुजी, कृषी सहायक यांना ग्रामसभेत उभे करून विचारता येते. प्रत्यक्षात किती येतात हा भाग वेगळा, पण नाही आले तर बोंब मारता येते. बीट जमादाराला मात्र या रांगेत मोजलेले दिसत नाही. ग्रामसभेला पोलीस येतो तो भांडण होईल या भीतीने बोलावलेला बंदोबस्ताचा. दारात उभा राहतो आणि सभा संपली की जातो.

शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ साली आदिवासी भागासाठी पेसाचे नियम केले. त्यांत गावातल्या गुन्ह्याची नोंद झाली की त्याची माहिती ग्रामसभेच्या समितीला द्यावी, असे म्हटले आहे. अंमल कसा आहे हा प्रश्न राहीलच, पण नियमात तरी ठाण्याकडून गावाकडे जाणारा एक कागद आला.

गावच दांडगे असेल तर?

इथे एक आक्षेप येतो आणि तो जोरदार आहे. ठाणे गावाच्या हाती द्यायचे म्हणजे कोणाच्या हाती? ग्रामसभेत बोलतो कोण? ज्याच्याकडे जमीन, ट्रॅक्टर आणि चार पोरे आहेत तो.

हा आक्षेप पुस्तकी नाही. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल लागून एक आठवडा झाला आणि २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मारणारे गावातलेच होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच डवरी गोसाव्यांना पोरे पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. तेही आठवडी बाजाराच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. गावाच्या हाती दंडुका दिला तर पारध्यांच्या बेड्यावर, दलित वस्तीवर आणि एकट्या बाईवर तो आधी पडेल, ही भीती ज्यांना वाटते त्यांच्याजवळ पुरावा आहे.

म्हणून दंडुका मागायचाच नाही. हिशोब मागायचा आहे. कोणाला अटक करा, कोणाला सोडा, हे ग्रामसभेने सांगायचे नाही, ते कायद्याने आणि पुराव्याने ठरावे. पण किती तक्रारी आल्या, किती नोंदल्या, किती नोंदल्या नाहीत, हे सांगायला काय हरकत आहे? आणि खैरलांजीकडे पुन्हा पाहा. तिथे गाव दांडगे होते हे जितके खरे, तितकेच आंधळगावचे ठाणे झोपले होते हेही खरे. पोलीस निलंबित झाले, पण ते चौघे गेल्यावर. दुबळ्याची तक्रार ठाण्यात पोचली तेव्हा तिचे काय झाले, हे चार लोकांसमोर सांगावे लागणार असते तर दांडग्यांच्या गावातही त्या कुटुंबाला थोडा आधार झाला असता. हिशोबाची जास्त गरज दुबळ्यालाच असते. बळकटाला हिशोब लागत नाही, त्याच्याकडे ठाणेदाराचा मोबाईल नंबर असतो.

मस्साजोगचे काय म्हणायचे मग? बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले हे गाव. ९ डिसेंबर २०२४ रोजी गावचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. पवनचक्कीच्या प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीचे प्रकरण त्यामागे असल्याचे तपास यंत्रणेने म्हटले. खटल्याबद्दल इथे बोलायचे नाही, ते काम न्यायालयाचे. पण गावाला काय काय करावे लागले ते पाहा. रास्ता रोको केला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी माणसे तलावात उतरली. मयताचा भाऊ पाण्याच्या टाकीवर चढला. फेब्रुवारीच्या शेवटी गावाने अन्नत्याग केला. मग एकेक गोष्ट घडत गेली. उपनिरीक्षक निलंबित, जिल्हा पोलीस अधीक्षकांची बदली, विशेष तपास पथक, न्यायालयीन चौकशी, मार्चमध्ये मंत्र्यांचा राजीनामा.

ज्या गावाचा पहिला नागरिक मारला गेला, त्या गावाला तपास कुठवर आला हे कळण्यासाठी टाकीवर चढावे लागले. सरपंच म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे, लोकांनी मत देऊन बसवलेला माणूस. जिथे कॅमेरे पोचले तिथे हे झाले. जिथे पोचत नाहीत तिथल्या गावांची टाकी किती उंच लागेल?

कायद्यात पडून असलेली चिल्लर

सगळे नव्याने मागायची गरज नाही. आहे त्या कायद्याच्या खिशात बरीच चिल्लर पडून आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने घेतली पाहिजे आणि खबर देणाऱ्याला तिची नक्कल फुकट मिळाली पाहिजे. ठाण्याने नाही घेतली तर अधीक्षकांकडे, तिथेही नाही झाले तर दंडाधिकाऱ्यांकडे. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवले पाहिजे. कलम ३७ प्रमाणे कोणाला अटक केली, कोणत्या गुन्ह्यात केली, हे प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावले पाहिजे. आपल्या ठाण्यात असा फलक कुठे आहे? अधिकाऱ्यांच्या नावांचा आणि त्यांच्या मुदतीचा फलक बहुतेक ठिकाणी चकचकीत असतो, तेवढे मान्य.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपल्या पुढाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले, दारात, कोठडीत, व्हरांड्यात, सगळीकडे. ते चालतात की नाही हे पाहायला प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती सांगितली. समितीत महसूल आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि ग्रामीण भागासाठी चक्क जिल्हा परिषदेचे अध्यक्ष! ठाण्याच्या आत काय चालते ते पाहण्यासाठी लोकांनी निवडलेल्या माणसाला जिल्हा पातळीवर जागा मिळाली, ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे काय झाले? राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, निवडणुका लांबल्या, त्या पुढची तीन वर्षे झाल्याच नाहीत. अध्यक्षांच्या खोल्यांना कुलूप आणि कारभार प्रशासकांकडे. म्हणजे पोलिसांवर देखरेख करणाऱ्या समितीत अधीक्षक होते, जिल्हाधिकारी होते, फक्त लोकांचा माणूस नव्हता. जिल्हा परिषदेच्या निवडणुका लांबल्या तेव्हा रस्त्यांचे, शाळांचे, पाण्याचे काय होणार अशी ओरड झाली. आमच्यासह कोणीही ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे काय होणार असे विचारले नाही. राजस्थानातल्या कोठडीमृत्यूंची बातमी एका दैनिकात आली, तेव्हा २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कॅमेरे चालू नसल्याची स्वतःहून दखल घेतली.

पोलिसांची बाजूही सांगितली पाहिजे. एकेका ठाण्याखाली पन्नास-साठ गावे, माणसे अपुरी, त्यातली निम्मी मंत्र्यांच्या दौऱ्याला, मिरवणुकीला, निवडणुकीला. बीट जमादाराला एका गावी महिन्यातून दोनदा जायलाही उसंत नसते. हे ठाण्यातले लोक खासगीत सांगतात, जाहीर सांगू शकत नाहीत. पण ग्रामसभेपुढे हिशोब मांडायची रीत पडली तर हेही मांडले जाईल. आपल्या ठाण्याला मंजूर किती, हजर किती, हे गावाला कळले तर तीच ग्रामसभा माणसे वाढवून मागण्याचा ठराव करील. शाळेत मास्तर कमी पडले तेव्हा गावांनी शाळेला कुलपे ठोकून मास्तर मिळवले आहेतच की.

ग्रामसभा वर्षातून चारदा ठरलेल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. विषयपत्रिकेत घरकुल, रोजगार हमी, पाणीपट्टी हे ठरलेले विषय असतात. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात ठाण्याचा विषय घालता येत नाही, असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. ठाणेदारांना लेखी निमंत्रण द्यावे. आले तर विचारावे, नाही आले तर गैरहजेरी इतिवृत्तात नोंदवून त्याची प्रत अधीक्षकांना पाठवावी. बाटली आडवी केलेल्या गावांनी तर हे आधी करावे, कारण त्यांच्याजवळ मतमोजणीचा कागद आहे.

निमंत्रणाला उत्तर येईपर्यंत माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून सगळे एकदम विचारू नये. चालू तपासाचे तपशील मागू नयेत, ते नाकारले जातात. फक्त आकडे मागावेत. मागच्या तीन वर्षांत आपल्या गावातून अवैध दारूच्या किती तक्रारी ठाण्याला मिळाल्या, किती गुन्हे दाखल झाले, किती दोषारोपपत्रे गेली, कितींना शिक्षा लागली. दुसऱ्या अर्जात कॅमेऱ्यांचे विचारावे, किती आहेत, किती चालू आहेत, जिल्हा समितीची बैठक शेवटची कधी झाली. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. १५ ऑगस्टच्या सभेला उत्तर हाती हवे असेल तर अर्ज जूनअखेर टाकावा. पेरणीची घाई असते तेव्हा, पण पोस्टात एक चक्कर होतेच.